रोबोटचा हात पडला त्याबद्दल

वाटूर फाटा, ता. परतूर
बुधवार, दुपारची लाईट गेल्यावर

तीर्थरूप शीतलताई यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ धर्मराज याचा वाकून नमस्कार (खरंच वाकलो, पेनाचं टोपण खाली पडल्तं). इकडं सगळे खुशाल हायेत असं लिहायची पद्धत हाय म्हून लिहितो. आईचा गुडघा दुखतो, पण तो खुशाली असतानाबी दुखतच व्हता. आप्पा माह्यावर चिडल्यापासून एकदम ठणठणीत हायेत, रोज एक भाकर जास्त खातेत. तुही आई, म्हंजी आमची मोठी काकू, मजेत. तुही पाठ कशी हाय? काकूला मी सांगितलं की ताईची खुर्चीत बसून बसून पाठ धरती, तर म्हणली बसून कुठं पाठ दुखती का, पाठ रानात निंदून दुखती. तरी बाम पाठवून राह्यली हाय, संगं लिंबाचं लोणचं. दोन्ही बाटल्या सारख्याच हायेत, उघडल्यावर वास घेऊन बघ.

फोन करायचा सोडून पत्र काहून, तर तूच माहा नंबर बंद करून ठेवलाय. मागल्या पोळ्याला मी तुह्या कंपनीचा साहेब बनून बोललो, मॅडम, उद्या आपल्याकडं मशिनींना बैलासारखं सजवायचं ठरलंय, नैवेद्य तुमच्याकडं. तू चाकणला पंचवीस पुरणपोळ्या घेऊन गेल्ती. साहेबानं चार खाल्ल्या असं काकूच सांगती, म्हंजी नुकसान कोणाचंच झालं न्हाई. पण तू नंबर बंद केला तो केलाच. असो. राग धरायचा तुहा हक्क हाय, आणि हे पत्र वाचून झाल्यावर तो आणखी वाढला तरी मी काही म्हणणार न्हाई.

वामन सरांचा तुला फोन येऊन गेला असंल, न्हाईतर ईल. त्यांनी एक हकिकत सांगितली असंल. ती नीटनेटकी हकिकत हाय, तिच्यात एक चोर हाय आणि तो चोर मी हाय. माही हकिकत लांबडी हाय, आणि तिच्यात चोर काही सापडत न्हाई, म्हून ती कोणाला आवडत न्हाई. पण माह्यासाठी शब्द तू टाकला व्हता, तवा तुला तरी पुरी ऐकावी लागंल.

तू तुह्या जालन्याच्या जुन्या कॉलेजात वामन सरांना सांगितलं, माहा भाऊ बारावीला इंग्रजीत दोनदा आपटला, आयटीआय अर्ध्यात सोडलं, पण मोटार हातात दिली की तिची नाडी वळखतो, त्याला तुमच्या वर्कशॉपात घ्या. (आपटल्याचं सांगायची गरज न्हवती, पण ठीक हाय.) सर म्हणले, आमचा जुना मदतनीस उन्हाळ्यात रिटायर झाला, जागा रिकामी हाय. पोरांचा रोबोट संभाजीनगरच्या स्पर्धेला जाऊन राह्यला, त्याचा हात करायला मदत कर. हात चालला तर एक तारखेपासून कामावर ये. मी ती जागा बघून आलो ताई. खिडकीजवळ लेथ मशीन हाय, लोखंड फिरवून तासायची, हिरव्या रंगाची, तिच्यावर जुनी चादर पांघरलेली. मी चादर उचलून हँडल फिरवलं तर लोण्यात बोट घातल्यासारखं फिरलं. तुला खोटं वाटंल, पण त्या टायमाला मला एकबी मस्करी सुचली न्हाई. फाट्यावर रामप्रसाद उस्तादाच्या दुकानात पाच वर्षं झाली मी विहिरीतल्या जळालेल्या मोटारींच्या तारा उपसून राह्यलो. लोकाची मोटार जळती तवा आमचं चालतं, आणि जो येतो तो तोंड पाडूनच येतो. मला एकदा अशी जागा पाहिजे व्हती जिथं काही जळायच्या आधी मी पोचलेला असंल.

आईनं ही बातमी दळणाच्या गिरणीपासून ते कुंभार पिंपळगावच्या बाजारापर्यंत नेली. आप्पा एवढंच म्हणले, 'कॉलेजात चाल्ला का? पेपर द्यायला का झाडायला?' मी म्हणलो, तासायला. त्यांना काही समजलं न्हाई आणि मला बरं वाटलं.

रोबोटची पोरं पाच, आणि त्यांचा म्होरक्या शौनक. जालन्यातल्या एका मोठ्या वकिलाचा पोरगा, इंग्रजी शाळेतला, बोलायला गोड, आणि नखं इतकी साफ की त्याच्या हातात पाना द्यायची मलाच लाज वाटायची. रोबोट म्हणल्यावर तुह्या डोळ्यापुढं माणसासारखं काही येत असंल तर ते काढून टाक. (तू इंजिनिअर हायेस, तुह्या डोळ्यापुढं येत नसंल, पण हे मी मोठ्या काकूला वाचून दाखवायच्या हिशोबानं लिहून राह्यलो.) चार चाकाचा पाट, पाटावर एक खांब, आणि खांबाला तीन फुटाचा अल्युमिनियमचा एकच हात. त्या हातानं जमिनीवरची दोन किलो मोसंब्याची टोपली उचलून छातीइतकी वर न्यायची. बास. जे काम काकू एका हातानं करून दुसऱ्या हातानं माह्या पाठीत धपाटा घालत व्हती, त्याला पाच पोरं, एक सर आणि अख्खा पावसाळा लागला.

खरा घोळ मोटार निवडायचा. शौनकनं ल्यापटॉपवर यादी उघडली आणि जिच्या मिनिटाला फेऱ्या जास्त ती मोटार निवडली, बाजारात शिंगं बघून बैल घेतल्यासारखं. मिनिटाला तीन हजार फेऱ्या. ती थेट हाताच्या बुडाला बसिवली, मधी गिअरबॉक्सच न्हाई. मी म्हणलो, भाऊ, हात उचलायचाय का चटणी वाटायचीय? तो म्हणला, 'स्पीड पाहिजे, टायमिंगला मार्क आहेत.' बटन दाबलं. हातानं मान डोलावल्यासारखं केलं आणि जागीच राह्यला, मोटार गुंगुं करत बसली, आणि घडीभरात जळक्या वार्निशचा वास सुटला. तो वास मला आईच्या फोडणीपेक्षा जल्दी वळखू येतो. मंग मी त्यांना माह्या भाषेत सांगितलं. भरलेली बादली अंगाशी धरली तर कोणीबी धरंल. हात सरळ लांबवून धर, मंग वजन कशाला म्हणतेत ते खांद्याला कळंल. तुह्या मोटारीचा खांदा करंगळीएवढा हाय. तिला गिअरबॉक्स दे. गिअरबॉक्स म्हंजी घाई विकून ताकद घ्यायची, मोटारीनं शंभर चकरा माराव्या तवा हातानं एक. पोरं वहीत लिहून घेऊन राह्यली व्हती. ताई, माहं बोलणं जन्मात कोणी लिहून घेतलं न्हवतं, एक पोलीस पाटील सोडला तर.

आणि इथंच माही खोड मला नडली. जळालेल्या मोटारीत मी नवी तार भरून दिली, तर शौनक म्हणला आता लावू का. मी तोंड अगदी तेराव्याला आल्यासारखं करून म्हणलो, लावतो कसा, तार अजून मुरली कुठं. नवी तार भरलेली मोटार ओल्या पोत्यात गुंडाळून, तोंड उगवतीला करून, दोन दिवस मुरवावी लागती, न्हाईतर बिथरती. मला वाटलं हसतील. त्यांनी पोतं आणलं. पोत्यात थर्मामीटर खुपसला, दर तासाला आकडा लिहिला, त्याचा आलेख काढला, आणि कॉलेजच्या रिपोर्टात पानभर 'तार मुरवण्याची पारंपरिक पद्धत' म्हून छापून टाकलं. ते पान प्राचार्यांसमोर गेलं. सर्व्या कॉलेजात हसू झालं. शौनक आठ दिवस माह्याशी बोलला न्हाई, आणि बोलायला लागला तवा माहं एक एक वाक्य असं उलटून बघायचा जसं बाजारात किडकं वांगं उलटून बघतेत. मी म्हणलो पाऊस ईल, तर तो मोबाईलवर बघायचा. (आल्ता.)

तरी हात मीच उभा केला, हे तू कोणालाबी इचार. जालन्याला भंगाराला तोटा न्हाई, लांब लांबच्या मुलखाचं लोखंड सळई व्हायला तिथं येऊन पडतं. तिथं एका चेपलेल्या ट्रकाच्या नाकाखाली मला वायपरची मोटार भेटली, आणि शेजारच्या ट्रकात तिची बहीण. तू गिअरच्या कंपनीत हायेस, तुला गिअर समजावणं म्हंजी सोनाराला नथ दाखवणं, पण पुढचं सगळं ह्याच्यावरच हाय म्हून सांगतो. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो. एक आट्याचा दांडा, ज्याला वर्म म्हणतेत, आणि त्याला टेकून दात्याचं चाक. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक काही केल्या दांड्याला फिरवू शकत न्हाई. मोठ्या कचेरीसारखं, वरून हुकूम खाली येतो, खालून कितीबी जोर लावा, वरचं काही हालत न्हाई. म्हून अशा मोटारीनं वजन उचललं आणि करंट बंद झाला तरी हात जिथल्या तिथं राह्यतो, एक बोटबी खाली येत न्हाई. दोन मोटारी, वर सायकलीची चैन, आणि हात टोपली घेऊन वर गेला. नऊ सेकंद लागले. पोरांनी त्या मोटारींचं नाव 'म्हातारी' ठेवलं. चांगलं नाव हाय, मला राग न्हवता. म्हाताऱ्या बाया हळू चालतेत, पण डोक्यावरची घागर पाडत न्हाईत.

मंग शौनकच्या वडिलांच्या ओळखीचे एक दुकानदार देणगीदार म्हून उभे राह्यले आणि पुण्याहून दोन नव्या मोटारी आल्या. डबा बघायला पाहिजे व्हता तू. आत काळा फोम, त्याच्यात मोटार अशी झोपलेली जशी तान्ह्या बाळाला दुपट्यात ठेवतेत. प्लॅनेटरी गिअरबॉक्स: मधी एक चाक, त्याच्या भवती तीन चाकं घिरट्या घालतेत, सगळं एका गोल डबीत बंद. चीज नंबर एक, मी नाव ठेवत न्हाई. पण पोरांनी मागिवली ती वेगाची, सत्तावीस चकरांना एक. हात दोन सेकंदात वर. टाळ्या. म्हातारीला काढून कोपऱ्यात टाकली. हातावर देणगीदाराचं नाव लांबच्या लांब चिकटिवलं, आणि त्यांचं एकच म्हणणं व्हतं, आमच्या नावाखाली भंगारातलं काही दिसू ने.

आता स्पर्धेच्या नियमाचं पुस्तक. बावीस पानं, सगळी इंग्रजीत. शौनक आणि कंपनीनं पहिली दोन पानं वाचली, कारण त्यांना इंग्रजी येतं, आणि ज्याला येतं तो अंदाजानं पुढं जातो. मला येत न्हाई म्हून मला सगळं वाचावं लागतं. दुपारी डबा खाताना मी रोज एक पान बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचायचो. (उस्ताद म्हणायचे, 'पेपराला असं वाचलं असतं तर आज कलेक्टर असता.' मी म्हणलो, कलेक्टर असतो तर तुमचं दुकान कोण झाडलं असतं.) चौदाव्या पानावर मला 'पॉवर ऑफ' दिसलं. हे दोन शब्द मला येतेत, विहिरीवरच्या दर स्टार्टरवर असतेत. ते वाक्य मी चारदा वाचलं, मंग उस्तादाच्या पोरीकडून, अर्पिताकडून, वाचून घेतलं, ती नववीत हाय. टोपली वर गेली की पंच लाल बटन दाबून करंट बंद करणार, आणि त्याच्यानंतर हात दहा सेकंद तसाच वर राह्यला पाहिजे. सगळ्यात जास्त मार्क त्यालाच.

मी तसाच जालन्याची जीप पकडून कॉलेजात गेलो. म्हणलो, भाऊ, हा हात पडंल. गोल डबीतला गिअर दोन्हीकडून फिरतो. सरावात करंट चालू असतो म्हून तो वर राह्यतो आणि मोटार आतल्या आत तापती. करंट बंद केला की टोपलीच्या वजनानं गिअर उलटा फिरंल आणि हात खाली. एकदा बटन बंद करून बघा. शौनकनं माह्याकडं असं बघितलं जसं मी पुन्हा पोतं घेऊन आलोय.

'तू इंग्लिशमध्ये दोनदा नापास ना?'

म्हणलो, व्हय.

'आणि हे रूल्स तू वाचलेस?'

म्हणलो, व्हय.

बाकीचे हसले. त्यातला एक म्हणला, 'बटन बंद केलं की हात पडणार, आणि मग हा म्हणणार, आता उगवतीला तोंड करून उचला.' खरं सांगतो, टोमणा चांगला व्हता. मी त्याच्या जागी असतो तर मीबी तोच मारला असता. त्यांची समजूत अशी झाली की नवी मोटार तोडून माही म्हातारी परत बसवायचा माहा डाव हाय. मंग वामन सरांकडं गेलो. सर कागदांवर सह्या करून राह्यले व्हते. पेन न थांबवता म्हणले, 'धर्मराज, आता मुलांचा उत्साह मोडू नको. मोटारीची निवड मी मंजूर केलीय.' मी म्हणलो, सर, उत्साह न्हाई, हात मोडंल. ते हसले. माहं हेच दुखणं हाय ताई, मी घसा कोरडा करून खरं सांगितलं तरी लोकाला त्याच्यात चवच लागती.

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात आम्ही संभाजीनगरला गेलो. मी पिशवीत म्हातारीच्या दोन्ही मोटारी आणि नट खोलायचे दोन पाने घेतले. म्हणलो, शेवटच्या घडीला तरी यांचे डोळे उघडले तर वीस मिनिटात बदलून देऊ. त्या मोठ्या कॉलेजचा हॉल भरलेला, स्टेजवर प्रमुख पाहुणे, गळ्यात हार. आपल्या रोबोटचा नंबर आला. हात दोन सेकंदात वर, टोपली एकदम छातीइतकी. टाळ्या अशा पडल्या की मला घडीभर वाटलं आपणच चुकलो, आणि आईशपथ, मला चुकायचं व्हतं. मी चुकलो असतो तर हिरव्या मशिनीवरची चादर माही व्हती. मंग पंच बाईनं शिट्टी मारली आणि लाल बटन दाबलं.

गुरुजीनं 'मंग सांग बरं' म्हणल्यावर पोराचा वर केलेला हात जसा खाली येतो तसा तो आला. टोपली आपटली, मोसंबी चहूकडं. एक पंच बाईच्या खुर्चीखाली, दोन वायरीच्या डब्यात, आणि एक गडगडत स्टेजच्या पायरीपाशी, प्रमुख पाहुण्यांच्या बुटाला. त्यांना वाटलं हा सत्काराचाच भाग हाय. त्यांनी ते वाकून उचललं, कपाळाला लावलं आणि टाळ्या वाजिवल्या. आणि ताई, मी हसलो. माह्या हातनं जो काही गुन्हा झाला तो एवढाच. बाकी कायबी न्हाई.

त्या टायमाला पाचीजणांनी वळून बघितलं. पडलेल्या हाताकडं न्हाई. माह्याकडं.

मंग पुरावे निघाले. ह्यानं आधीच सांगितल्तं की बटन दाबलं की पडंल, अगदी बटनासकट. ज्याला आधी माहीत त्यानंच केलं. ह्याच्या पिशवीत काय हाय, तर पाने. आणखी काय हाय, तर त्याच मोटारी, ज्या काढल्याचा ह्याला राग व्हता. आणि हा हसला. मी म्हणलो, गिअरबॉक्स उघडून बघा, एक दाता इकडचा तिकडं असंल तर माहं नाव बदला. शौनक म्हणला, 'उघडायला लावून तिथं पण काहीतरी ठेवलं असशील.' त्याच्या डोळ्यात पाणी व्हतं, म्हून मी जास्त बोललो न्हाई. त्यानं चार महिने त्या हातावर काढल्ते, हे मला तरी माहीत हाय. माहं नाव ज्याच्यावरून ठेवलं, तो म्हणं जन्मात एकदाच खोटं बोलला आणि त्याचा रथ चार बोटं खाली आला. मी जन्मात एकदाच खरं बोललो तर रोबोटचा हात तीन फूट खाली आला. येताना जीपमधी तो हात सगळ्यांच्या मांडीवर आडवा, आणि मला मागल्या दाराशी बसिवलं, जसं मीच रस्त्यात त्याला आणखी काही करीन.

दोन दिवसानं वामन सरांनी बलावलं. दार लावलं, चहा मागिवला. मला वाटलं झालं, आता हाकलतेत. सर माणूस वाईट न्हाई, हे मी अजूनबी म्हणतो. त्यांनी टेबलावर ती गोल डबी ठेवली. उघडलेली व्हती. आतली तीन चाकं जागच्या जागी, नवीकोरी.

'मला कळतंय रे,' सर म्हणले. 'मी पंधरा वर्षं हेच शिकवतो.'

म्हणलो, मंग सांगा की पोरांना.

सरांनी चहा ढवळला. साखर आधीच विरघळलेली व्हती, तरी ढवळत राह्यले. मंग समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मोटारीची निवड चुकली असं लिहिलं तर खाली त्यांची सही हाय, आणि देणगीदाराचं नाव. पण बाहेरच्या एका पोरानं खोडी केली असं लिहिलं तर कोणाचीच चूक न्हाई, आणि स्पर्धावाले दुसरी संधी देतेत, तसा त्यांचा नियम हाय. (एकविसाव्या पानावर. मी वाचलाय.) 'तू माफीनामा लिहून दे, खाली मी सही करून स्पर्धावाल्यांना पाठवतो. दुसऱ्या फेरीला आपण ती वायपरची मोटार बसवू, गुपचूप, वर नवं झाकण टाकून. तूच बसव. मुलांनी सुधारणा केली असं आपण दाखवू. आणि एक तारखेपासून ये कामावर.'

मी म्हणलो, सर, चोराला कामावर घेता?

तर म्हणले, 'माफी मागणाऱ्याला लोक ठेवून घेतात धर्मराज. मी सांगत होतो म्हणणाऱ्याला कोणी ठेवत नाही.'

हे वाक्य मी घरी येईपर्यंत उलटसुलट करून बघितलं. त्याला कुठूनबी धरा, ते एकाच बाजूनं फिरतं. घरी आप्पांनी इचारलं काय झालं, मी म्हणलो नोकरी लागल्यातच जमा हाय. आईनं साखर वाटली. आता त्या साखरेला मी काय सांगू. आणि मजा बघ, कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची पोरं आता मला सलाम करून राह्यली. म्हणतेत, भाऊ, मानलं, पंचाच्या बटनाच्या टायमिंगला हात पाडला, कसं जमिवलं सांगा. पाच वर्षं मी एकाहून एक मस्कऱ्या केल्या, कोणी वाहवा केली न्हाई. जी केलीच न्हाई तिच्यावर माही कीर्ती चाल्ली.

तर असं हाय. तू माह्यासाठी शब्द टाकला आणि तुह्या शब्दाला माह्याकडनं बट्टा लागला न्हाई, एवढं तुला कळावं म्हून लिहिलं. दुसरं काही मागणं न्हाई. पाठीला जप, खुर्चीत उशी घेऊन बस, साहेबाला माहा नमस्कार सांग. लहान तोंडी मोठा घास झाला असंल तर लोणच्यासंगं गिळून टाक.

तुहा,
धर्मराज

ता.क. — मागणं न्हाई म्हणलो, पण एक हाय. तो माफीनामा तू लिहून पाठव. मी दोनदा लिहायला बसलो. माह्या अक्षरात ते असं दिसतं जसं कोणी छातीवर बसून लिहून घेतलं. खोटं लिहायला चांगला शिकलेला माणूस लागतो. एक पानाचा कर, शुद्ध भाषेत, 'खेद' आणि 'यापुढे' हे शब्द जागोजाग टाक. सोमवारच्या आत पाठव, मंगळवारी एक तारीख हाय. व्हय, मी जाणार हाय कामावर. तुला राग ईल, पण मी ते हँडल फिरवून बघितलंय, तू न्हाई.

ता.क. दुसरं — त्या माफीनाम्यात एक वाक्य माहं टाक आणि त्यातलं अक्षरबी बदलू नको: 'स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी नवीन गिअरबॉक्समधील वर्मचा दांडा काढून घेतला, त्यामुळे हात पडला.' तुला तर कळलंच असंल. त्या गोल डबीत वर्मचा दांडा नसतोच. जे न्हाईच ते मी चोरलं. पोरं हे वाचून मान हलवतील, प्राचार्य वाचणारच न्हाईत. पण वामन सरांना तिथंच ठेच लागंल. मंग त्यांना ते खोडून बराबर काय ते स्वतःच्या अक्षरात लिहावं लागंल, न्हाईतर खाली तशीच सही करावी लागंल. मी समोर उभा राह्यणार हाय, पेन माह्याच खिशातला देणार हाय, आणि हसणार न्हाई.

ता.क. तिसरं — हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. माह्या नावानं खरं लिहिलेला एवढा एकच कागद हाय, आणि एक तारखेपासून मला तो परवडायचा न्हाई.